पाठकोरे

दालनाच्या व्यवस्थापकांनी मला जाड कागदाची चोवीस कार्डं दिली. "प्रत्येक चित्राखाली एक. नाव, माध्यम, मोजमाप. वाटलं तर वर दोन ओळी. जास्त नको, मॅडम. लोक उभ्यानं वाचतात."

प्रदर्शन चारला उघडायचं आहे. आत्ता अकरा वाजलेत. दालनात मी, एक शिडी आणि अठरा चौकटी. उरलेल्या सहा घेऊन चौकटवाला दोनला येतो म्हणालाय.

दोन ओळी. जमेल.

१. चपला
पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल. ३३ बाय २१ सेंमी.
डावी जास्त झिजली आहे. घालणारा माणूस डाव्या अंगाला कलून चालायचा.

२. खुर्चीच्या पाठीवर शर्ट
माध्यम तेच, मोजमाप तेच. पुढच्या सगळ्यांचं तेच समजावं. कचेरीतला कागद एकाच मापाचा असतो. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. एका बाजूला लिहून झालेले, रद्द झालेले कागद तिथे ढिगानं पडलेले असत.

(कार्ड भरलं. मागच्या बाजूवर लिहिते. सवयच आहे.)

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मी सामानाच्या पुड्याच्या कागदावर कात्री काढत बसले होते. यांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून दोरीनं बांधलेला गठ्ठा काढला आणि ओट्यावर ठेवला. "पाठकोरे आणलेत." दारापर्यंत गेले, परत वळले. "मागचं वाचू नकोस. कचेरीचं असतं."

मग दर महिन्याला गठ्ठा. एकतीस वर्षं. दर वेळी तेवढंच वाक्य, पाठकोरे आणलेत. चित्राबद्दल एक अक्षर नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. आणि मीही मागचं कधी वाचलं नाही. एका घरात दोन शहाणी माणसं असली की असं होतं.

३. इस्त्री
गरम असताना काढली. बोटाला चटका बसला, तो चित्रात नाही.

४.
इथे काही नाही. खिळा ठोकला तर भिंतीचा पोपडा पडला. व्यवस्थापक म्हणाले, इथे काही लावू नका. कार्ड मात्र लिहायला घेतलं होतं, म्हणून राहू देते.

५. टेबल, त्यावर वही
सत्तावीस वर्षांपूर्वीचं. माझं पहिलं प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या खोलीत झालं होतं, गुरुवार ते शनिवार. आजचं दुसरं. मधल्या काळात मी शाळेत चित्रकला शिकवत राहिले. म्हणजे, माझे तास गणिताच्या बाई घ्यायच्या आणि मी त्यांच्या वह्यांवर रेघा मारून द्यायचे.

(मागे.)

हे त्या प्रदर्शनाला आले नाहीत. मी "या" म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला आमंत्रण कसलं द्यायचं? तीन दिवस मी दाराकडे तोंड करून बसले. फक्त शुक्रवारी दुपारी दोन तास शाळेत जावं लागलं. वर्षात एकदाच गणिताच्या बाई आजारी पडल्या, त्या नेमक्या त्या दिवशी.

अभिप्रायाच्या वहीत सतरा अभिप्राय आले. सगळे पाठ आहेत. "छान." "सुंदर." "रंग वापरावेत." "बाईंना शुभेच्छा." एका पोरानं मांजर काढलं होतं, ते चांगलं होतं. आणि शुक्रवारच्या पानावर, नाव नाही, सही नाही, नुसतं "पाहिले." पुढे टिंब.

शनिवारी जेवताना मी यांना ते सांगितलं. "कुणीतरी फाईल समजून शेरा मारून गेलंय हो! पाहिले, म्हणे. 'मंजूर' लिहायचं राहिलं वाटतं." मला इतकं हसू येत होतं की घास खाली ठेवावा लागला. हे उठले. हात धुतले. नळ घट्ट पिळून बंद केला. तो तरीही गळत राहिला. पाण्याच्या कचेरीतली नोकरी, आणि घरचा नळ गळका.

साडेबारा
हे चित्र नाही. नणंदेचा फोन आला, आणि हातात कार्डच होतं.

"वहिनी, मी येतेय हं. पण साडेपाच होतील. गुडघा ऐकत नाही. पायऱ्या किती आहेत तिथे?"

"अकरा."

"मग सहा धर. आज दादा असता तर..."

"तर काय? आला असता?"

ती हसलीच. "नसता आला. त्याला चित्रातलं काय कळायचं, वहिनी? त्याला रंगच दोन माहीत. निळी शाई आणि लाल शाई."

मीही हसले. फोन ठेवला. दालनात आवाज घुमतो, त्यामुळे आपलं हसू आपल्याला परत ऐकू येतं. ते बरं नसतं.

हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत आले आहे. नणंदेला विचारला, कचेरीतले लोक भेटायला आले त्यांना विचारला, दुसऱ्या चित्रातल्या त्या खुर्चीलाही विचारला. यांनी माझं एक तरी चित्र कधी नीट पाहिलं होतं का? आवडलं का, हे विचारत नाही. तेवढी हाव नाही. पाहिलं का, एवढंच.

६ ते १०. चमचा, उशी, कुलूप, बादली, पुन्हा उशी
मी माणसं काढत नाही. माणसं हलतात.

११. कोरा कागद
या चौकटीत खरंच काही काढलेलं नाही. तक्रार करू नये. हे गेले तेव्हा शेवटच्या गठ्ठ्यात चाळीस कागद होते, आता एकोणीस राहिलेत. दुकानातून नवा कागद आणून पाहिला. दोन्ही बाजूंनी कोरा. त्याच्यासमोर बसलं की परक्याच्या घरी ओळख नसताना जाऊन बसल्यासारखं होतं. उठावंसं वाटतं.

१२ ते १८
यांची नुसती नावं लिहिली. शहाण्यासारखी. व्यवस्थापक येऊन बघून गेले आणि म्हणाले, "हे असंच पाहिजे."

पावणेतीन
दोनचा चौकटवाला पावणेतीनला आला. तो माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. वर्षभरात त्यानं एकच चित्र काढलं होतं, तेही कागदाच्या कडेनं फक्त चौकट. पट्टीनं, अगदी सरळ. आत काय काढायचं ते सुचलं नाही म्हणाला. मी दहापैकी चार दिले होते. ते तो अजून काढतो.

"चार गुणवाला आला, बाई. ही घ्या पाच, आणि ही सहावी. हिला जरा रुंद पट्टी लावली. माझी आवडती आहे."

मी गुंडाळलेला कागद सोडवला. आत 'गळका नळ' असायला हवा होता. आत नळ नव्हता.

"हे काय?"

"तुमचं चित्र."

"अरे, हे लिहिलेलं आहे."

"तेच तर! दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात एक एवढासा नळ होता, पुसट. मी म्हटलं, बाईंनी पेन्सिलीला टोक आलंय का ते बघितलं असणार. आणि ही बाजू बघा की. कसलं खोडलंय! हल्ली मोठमोठ्या दालनांत असंच असतं. मला वाटलं, बाईंनी या वयात काहीतरी नवीन धरलं."

"तू अजून शेवटच्याच बाकावर आहेस."

"चुकलं का? दहा मिनिटांत फिरवतो." त्यानं खिशातून पक्कड काढली.

"थांब," मी म्हटलं आणि चष्मा शोधला. तो गळ्यातच होता.

मागचं वाचू नकोस. पण ते आता पुढे होतं.

२१.
कागदावर निळी शाई. ३३ बाय २१ सेंमी.

वर तारीख. सत्तावीस वर्षांपूर्वीचा गुरुवार. खाली, कार्यालयप्रमुख यांस. विषय, अर्ध्या दिवसाची रजा मिळणेबाबत. मग:

महोदय, उद्या शुक्रवारी दुपारनंतर माझ्या पत्नीच्या चित्रांचे प्रदर्शन पाहावयाचे असल्याने

हे खोडलं आहे. एका रेघेनं नाही, सात-आठ रेघांनी, पण अक्षरं वर येतात. त्याखाली:

उद्या शुक्रवारी दुपारनंतर घरगुती कामानिमित्त

हेही खोडलं आहे, एकाच रेघेनं. त्याखाली, न खोडलेलं:

उद्या शुक्रवारी दुपारनंतर दाढ दुखत असल्याने अर्धा दिवस रजा मिळावी, ही विनंती.

यांची दाढ जन्मात दुखली नाही. बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन गेले.

वही घरी कपाटात आहे. जाऊन आणायला वेळ होता, पण गरज नव्हती. खोडलेल्या ओळीत 'पाहावयाचे' आहे. त्यातला 'पा'. त्याचा काना वरच्या रेघेच्या थोडा वर निघालेला, दारातून कुणी डोकावून आत यावं की नाही असा विचार करत उभं राहावं तसा. वहीतला 'पा' तसाच आहे. सत्तावीस वर्षं मी तो पाहते आहे.

म्हणजे हे दाढेवर हात ठेवून कचेरीतून निघाले. वाचनालयाचा जिना चढले. मी तीन दिवस ज्या दाराकडे बघत बसले होते त्या दारातून आत आले, आणि मी नव्हते. मग सगळं बघितलं असणार, एकेक करून, फाईल बघतात तसं. आणि कागद बघून झाल्यावर कारकून जे लिहितो ते लिहिलं. दुसरा शब्द येत नव्हता. जो येत होता तो पूर्ण लिहिला, टिंबासकट.

आणि मी जेवताना हसले. घास खाली ठेवून.

हा कागद त्या महिन्याच्या गठ्ठ्यात चुकून आला की मुद्दाम ठेवला होता, ते आता कळायचं नाही. वाचू नकोस म्हणणाऱ्या माणसानं वाचायला ठेवला असेल, तर त्यानं किती वाट पाहिली असेल, हेही नाही. मी तर त्याच्या पाठीवर नळ काढला.

"बाई," चौकटवाला म्हणाला. तो पक्कड धरून तसाच उभा होता. "बसता का जरा? पाणी आणू?"

"नको. मला सांग, तुझ्या चौकटीकडे कधी कुणी बघतं का रे? नुसत्या चौकटीकडे?"

"नाही बघत. दिसली म्हणजे बिघडली, असं असतं आमच्यात." त्यानं काचेवरून बाही फिरवली. "कोणाचं अक्षर आहे?"

"यांचं."

"मग राहू दे ना असंच. चांगलं दिसतंय. कुणाला काय कळतंय?"

मी विचार केला. खरंच केला. चारला लोक येतील, चष्मे वर-खाली करतील, खोडलेलं वाचायला वाकतील. कुणीतरी दाढेला हसेल.

"फिरव," मी म्हटलं. "नळ पुढे घे. यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती."

त्यानं चौकट जमिनीवर पालथी घातली, बारीक खिळे काढले, कागद उलटा केला. पुठ्ठा लावायला लागला तेव्हा मी म्हटलं, "पुठ्ठा नको."

"बाई, धूळ जाईल आत."

"जाऊ दे."

२१. गळका नळ
पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल. ३३ बाय २१ सेंमी.
मागची बाजू वाचू नये.

सव्वाचार
पहिले आले ते एक गृहस्थ, हातात हेल्मेट. मला ओळखत नव्हते. भिंतीच्या कडेनं फिरले, चौथ्या चित्राच्या जागी पोपड्यासमोर बराच वेळ थांबले, नळासमोर थोडा. कार्ड वाचून त्यांनी चौकटीच्या मागे जरा डोकावून पाहिलं. पण भिंत होती. मग दाराशी टेबलावर ठेवलेल्या वहीजवळ आले. नवी वही, पहिलं पान. त्यांनी पेन उचललं.

"काय लिहू?"

"पाहिले, एवढंच लिहा," मी म्हटलं. "पुरेल."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग बराच वेळ लिहीत राहिले, झोकात सही केली, मान डोलावली आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यांच्या पायांचा आवाज थांबेपर्यंत मी बसून राहिले, मग वही ओढली. चार ओळी होत्या. दैनंदिन जीवनातील सौंदर्य. कलेची अखंड साधना. 'अप्रतिम' दोनदा.

पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची दाराकडे वळवून बसले.