अनुपमाच्या खांद्याचं चिलखत

१९५८ च्या दसऱ्याला लाठीची लढत ठरली. अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवणारी अनुपमा खांद्यासाठी चिलखत शोधत होती, कारण गेल्या वर्षी तिची प्रतिस्पर्धी तारा हिची लाठी तिथेच बसली होती. पत्र्याचं काम करणाऱ्या किसनरावांनी तेलाच्या डब्याचं चकचकीत चिलखत करून दिलं. आरशात ती अगदी सरदार दिसली, पण हात वर नेताच पत्र्याची कड कानाला टोचली.

"हात वरतं जात नाई, तं लाठी कशी फिरवशीन वं?" आत्या दुर्गाबाई हसल्या. त्यांनी जुन्या रजईतला कापूस ठासून खांद्यापुरती गादी शिवली, बांधली आणि कपडे धुण्याची मोगरी उचलली.

"आत्या, हळू!"

"तारा काय हळू मारन तुले?"

मोगरी दणकन बसली. अनुपमाला काहीच लागलं नाही.

लढतीत ताराची लाठी त्या गादीवर बसली, तेही अनुपमाला कळलं नाही. पंचांनी ताराला गुण दिला तेव्हा अनुपमा भांडलीच. "मले लाठी शिवली बी नाई!" सगळं मैदान हसलं. ती एका गुणाने हरली.

दुसऱ्या दिवशी तारा घरी आली.

"आत्या, मलेबी असंच शिवून द्या," ती म्हणाली. "पण जरा पातळ. लाठी लागल्याचं समजलं पायजे."