बी मागायला आलेले साहेब

जवळ सरका, माउली. मांडी घालून बसा. असोद्याच्या पलीकडच्या एका गावची गोष्ट सांगतो. ऐकताना राग आला, तर येऊ द्या.

कुंदाबाईने ग्रामपंचायतीचं दार ढकललं, तेव्हा आत पेढे वाटून झाले होते. गावच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष हेमराज जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या सरकारी साहेबांच्या गळ्यात हार घालत होता. शेजारी बियाणं कंपनीचा माणूस बसला होता.

"ये अक्का, पेढा घे," हेमराज म्हणाला. "तुह्या वांग्याचं बी आता कंपनी नेनार. गावानं संमती दिली."

"कोन्त्या गावानं?"

हेमराजने समितीच्या सह्यांचा कागद हलवून दाखवला. भरताच्या त्या जुन्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याचं बी गावात फक्त कुंदाबाईकडे उरलं होतं. मागायला येईल त्याच्या पदरात, टोपीत ती मूठभर टाकायची. बी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही सासूपासूनची रीत. म्हणूनच तर तिला विचारायला कोणी गेलं नव्हतं. बाई देणारच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

साहेब समजुतीच्या सुरात बोलू लागले.

"मावशी, गावाला विचारल्याशिवाय तिथलं बियाणं न्यायचं नाही, असा जगातल्या देशांचा करार आहे. आपल्या देशानेही सही केलीय. आता परदेशातल्या परिषदेत तुमच्या गावाचं नाव निघेल."

"म्हंजे जगाले सांगनार, बाईले इचारलं म्हून?"

"हो."

"अन् इचारलं कव्हा?"

हेमराजने पेढ्यांचा पुडा पुढे केला. "अक्का, तमाशा नको करू. तू काय नाही म्हननार आहे?"

"पुडा ठेव तिकडे. साऱ्या दुनियेले शब्द देता, अन् दोन गल्ल्या चालून माह्या दारी येनं होत नाही तुमाले? आता इचारा."

साहेब हारातली फुलं चाचपत राहिले. शेवटी कंपनीच्या माणसानेच हात जोडले.

"मावशी, बी देता का?"

मागितलं होतं. अगदी रीतीप्रमाणे. कुंदाबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं.

"नाही."

हेमराजच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

घरी जाताना ती विठ्ठलाच्या देवळाशी थांबली. चपला काढल्या, पण पायरी चढली नाही. खालूनच म्हणाली, "बाप्पा, आज मागनाऱ्याले नाही म्हनलं. तुले काय वाटंल ते वाटो."

माउली, कुठल्या सभेत 'सर्वांची संमती आहे' असं कानावर आलं, तर टाळी वाजवण्याआधी त्या बाईला आठवा.