कुत्रं की मांजर?

पलीकडे रिंग वाजू लागली तशी तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि गॅसवरचं दूध उतरवून ठेवलं. दूध काही उतू जात नव्हतं. हाताला काम हवं होतं, एवढंच.

नंबर संघटनेचा होता. पशुवैद्यकीय तंत्रज्ञांची ही संघटना तशी भांडकुदळ. लोकांनी 'कंपाउंडर' म्हणू नये, 'तंत्रज्ञ' म्हणावं म्हणून ती वर्षानुवर्षं भांडली आणि जिंकलीही. मागच्या सभेत मात्र वेगळाच ठराव आला. या कामात माणूस आतून थकतो, कुणाचं ना कुणाचं लाडकं जनावर आपल्या हातांत जीव सोडतं, तेव्हा सभासदांना मन मोकळं करायला एक फोन असावा. पहिला हात तिनेच वर केला होता. नव्या पोरींसाठी बरं, म्हणून. ही वेळ आपल्यावर येईल हे तिच्या गावीही नव्हतं.

दवाखान्यात ती सगळ्यांची मावशी. "जा बरं मावशीकडे," म्हणत लोक आपलं कुत्रं तिच्या हाती देत आणि संध्याकाळपर्यंत तिच्या बाह्या केसांनी भरून जात. घरी आलं की बोलायला चिटपाखरू नाही. थोरली बहीण होती तोवर दोघी तोंडाला तोंड देऊन भांडत, पण जेवायला एकत्र बसत. बहीण लेकाकडे राहायला गेली आणि घर खायला उठलं. हे कुणाला तरी एकदा सांगायलाच हवं, नाहीतर आपण आतल्या आत आटून जाऊ, अशी तिला भीती वाटत होती.

रिंग थांबली.

"बोला," एक म्हातारा आवाज म्हणाला. "कुत्रं की मांजर?"

आवाज ओळखीचा होता. संघटनेचे जुने कार्यवाह, सगळ्यांचे काका. म्हणजे हा फोन आता त्यांच्याच घरी वाजत होता तर. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी फोन उचलला की त्यांच्या तोंडी दवाखानाच. तिने मनात जुळवून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली.

"मांजर," ती बोलून गेली.

"वय?"

"बावन्न."

तिने जीभ चावली. पलीकडे खुर्ची करकरली. आता ते हसतील, नाहीतर माफी मागतील, आणि मग आपण फोन ठेवून देऊ, असं तिने ठरवूनही टाकलं.

काका हसले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "खातंय का?"

ती ओट्याला टेकली. 'मी' म्हणून जे इतके दिवस घशातच अडकलं होतं, ते या 'खातंय'चं बोट धरून बाहेर यायला लागलं.

"खातं थोडंफार. उभ्या उभ्या, ओट्यापाशी. ताटलीसुद्धा घेत नाही."

"घरात दुसरं कुणी?"

"जोडीचं एक होतं, लहानपणापासूनचं. ते दुसऱ्या घरी गेलं."

"मग ओरडत फिरत असेल घरभर."

"नाही. गप्प असतं. जिन्यात पावलं वाजली की तेवढे कान टवकारतं." तिने बाहीने डोळे पुसले. "चारचौघांत अगदी शहाण्यासारखं वागतं हो. कुणाला पत्ता लागत नाही."

"या जातीचं तेच तर वाईट," काका म्हणाले. "दुखत असलं तरी लपवतं."

काकांच्या मागे भांडं वाजत नव्हतं, कुणाची चाहूल नव्हती. ही शांतता तिच्या चांगली ओळखीची होती.

"आज काय केलंय त्याला?"

"अंडं उकडून ठेवलंय. पाव आहे."

"ताटलीत काढा. आणि खुर्चीवर बसवा त्याला. फोन ठेवू नका." ते घुटमळले. "आमच्याकडेही एक आहे. चौऱ्याहत्तर. जोडीचं गेल्यापासून त्याचीही तीच तऱ्हा. दुसरं समोर असलं की खातं, असं आपणच सांगतो ना लोकांना?"

"सांगतो."

बहिणीच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचला होता. तो तिने उचलून पलंगावर टाकला, ताटली मांडली, फोनचा आवाज मोठा करून तो ग्लासाला टेकवून उभा केला आणि बसली. पलीकडे डब्याचं झाकण निघालं, चमचा वाजला.

बराच वेळ दोन्हीकडे फक्त जेवण चाललं होतं.

"खातंय का?" काकांनी भरल्या तोंडाने विचारलं.

तिच्याही तोंडात घास होता. तो तिने नीट चावून गिळला.

"खातंय," ती म्हणाली. "तुमचं?"