पाड्यावर राहिलेला वजनकाटा

मित्रांनो, नाशिकला शरणपूरच्या बाजूला एक जुनं दगडी चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीत, पाळकसाहेबांच्या झग्याशेजारी, खुंटीला एक गोल तोंडाचा स्प्रिंगचा वजनकाटा लटकलेला दिसेल. वर कडी, खाली आकडा, मधे काचेआड सुई. तोच मी. वय झालं आहे, पितळेवर हिरवट डाग पडले आहेत, पण चौकशी करायची खोड काही गेलेली नाही.

शेर-रत्तल जाऊन किलो आले, त्या दिवसांत मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका मडमसाहेबांनी मला मिशनच्या कोठारासाठी विकत आणलं. १९७३ साली त्या म्हाताऱ्या होऊन आपल्या देशी परत गेल्या, तेव्हा कंपाउंडात जो तो म्हणू लागला, "मिशन गेलं." मी चक्रावलो. मडमबाई गेल्या, त्यांच्या सहा पेट्या गेल्या, हे मी स्वतः पाहिलं होतं. पण त्यातल्या कुठल्या पेटीत मिशन होतं? शाळा जागेवर होती, घंटा जागेवर होती, मीही होतो. मग गेलं ते नेमकं काय? कोणाला विचारावं तर मला तोंड असून वाचा नाही.

कोठार बंद पडलं आणि मला वर्षातून एकच मानाचं काम उरलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी हंगामाचा सण असतो. चर्चच्या मंडळीतले लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. चांदवडचे कांदे, गंगापूरकडचे पेरू, भोपळे, अंडी, दुधाच्या बरण्या. प्रार्थना-भक्ती संपली की त्याचा लिलाव होतो आणि प्रत्येक जिन्नस आधी माझ्या आकड्याला लागतो. त्या दिवशी मला पुसून लख्ख करायचे ते शांतवनराव. ते मंडळीचे सेक्रेटरी. मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे माणसापेक्षा काट्यावर त्यांचा विश्वास अंमळ जास्तच होता.

आणि एक विमलाबाई होत्या. निवृत्त नर्स, उंच, खड्या आवाजाच्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या औषधांची पिशवी घेऊन सुरगाण्याच्या एस. टी.त बसत, मधेच उतरत आणि दीड तास डोंगर चढून एका पाड्यावर जात. जखमा धुवायच्या, गोळ्या द्यायच्या, जमलंच तर एखादं भजन म्हणायचं आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं. मडमसाहेब गेल्या तरी बाईंचं जाणं काही थांबलं नाही.

१९७६ च्या ऑक्टोबरात माझ्या खोलीतच कमिटीची बैठक भरली.

"बाई, सात वर्षं जाताय," शांतवनराव म्हणाले. "बाप्तिस्मे किती झाले?"

"एकही नाही."

"मग जाता कशाला? ते मिशनचं काम होतं. मिशन गेलं. आपली मंडळी आपण सांभाळली तरी पुष्कळ झालं."

"गेलं म्हणून मला कोणी कळवलं नाही हो," विमलाबाई म्हणाल्या. "प्रभूनं जा म्हटलंय, म्हणून जाते. किती झाले ते तो बघेल."

पाळकसाहेबांनी मधे पडून सांगितलं, की पाड्यावर जाणं चालू ठेवायचं की नाही ते सणानंतर ठरवू. मी मात्र कान टवकारले. म्हणजे मिशन पेटीत नव्हतंच, ते विमलाबाईंच्या चपलांत होतं की काय?

त्याच बैठकीत बाईंनी मला मागून घेतलं. पाड्यावर मैना नावाची दीड वर्षाची पोर होती. बाईंना ती दर खेपेला हलकी वाटत होती. नाशिकला दवाखान्यात आणा म्हटलं तर तिची आई, नवसाबाई, म्हणायची, "तिचा बाप बी असाच बारीक हाय." हातानं उचलून काय कळणार? बाईंना खात्री हवी होती. शांतवनरावांनी मला द्यायला कुरकुर केली, पण सणाआधी परत आणायच्या बोलीवर दिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मी जन्मात पहिल्यांदा डोंगर पाहिला. अंगणातल्या मोहाच्या फांदीला बाईंनी मला टांगलं आणि जुन्या लुगड्याची झोळी आकड्याला अडकवली. मागे वळून बघतात तर अंगण ओस! बायका पोरं काखेत मारून झाडीत पळाल्या होत्या. उरल्या दोन कोंबड्या आणि पुंजाबाबा, पाड्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस.

"बाबा, झालं काय?"

"बाई, तुमी लय चांगल्या," पुंजाबाबा सावकाश म्हणाला. "पण काटा आला का पाड्यातलं कायतरी जातंच. व्यापारी काटा घेऊन आला, नागली गेली. हिरडा गेला, मध गेला. आता तुमी पोरं काट्याला लावता. पोरं कुठं न्यायची हायेत?"

विमलाबाईंनी झाडीकडे पाहिलं. सात वर्षं येऊन त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतःला मोठा न्यायी समजत होतो, आणि इथं माझ्या नुसत्या येण्यानं आया पळत होत्या. बाई माझ्याजवळ आल्या. मला आता परत पिशवीत घालतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त पिशवी उचलली.

"काटा इथंच राहू द्या, बाबा. मी काही न्यायला आलेली नाही."

"आन् मंग बघायचा कोणी?"

"तुम्हीच बघा. काय हवं ते तोला." जाता जाता झाडीकडे तोंड करून त्या ओरडल्या, "नवसाबाई, वाटलं तर मैनाला घाल. नाही वाटलं तर नको घालू!"

आणि गेल्या की हो! दोन दिवस कोणी माझ्याजवळ फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पुंजाबाबानं भीत भीत एक कोंबडी झोळीत घातली. सुई हलली, कोंबडी ओरडली आणि अख्खा पाडा हसला. मग काय विचारता! भोपळे, कुऱ्हाडी, कुत्र्याची पिल्लं, सगळ्यांची झोळीत वर्णी लागली. व्यापाऱ्याकडे न्यायचं नागलीचं एक पोतडं त्यांनी आधी माझ्यावर तोललं आणि व्यापाऱ्याचा काटा किती खातो ते पाड्याला कळलं. त्या दिवसापासून बायका मला भिईनाशा झाल्या.

एका दुपारी सगळे रानात गेले असताना नवसाबाई आली. तिनं मैनाला झोळीत ठेवलं. सहा किलो दोनशे. नवसाबाईला आकडे येत नव्हते. तिनं लेकीच्या डोळ्यांतलं काजळ बोटावर घेतलं आणि सुईच्या टोकापाशी माझ्या काचेवर एक ठिपका लावला. आठवड्यानं ती परत आली. सुई ठिपक्यापर्यंत पोचली नाही. तिनं झोळी हलवून पाहिली, मला फांदीवर सरळ केलं, पण सुई हलेना. दुसरा ठिपका. मित्रांनो, मी खोटं बोलू शकत नाही, पण त्या दिवशी मला फार वाटलं, की बोलता यावं. पुढच्या आठवड्यात तिसरा ठिपका लागला, तो आणखी मागे. नवसाबाई पुंजाबाबाच्या झोपडीकडे पळत सुटली.

दुसरा दिवस सणाचा रविवार होता. शांतवनरावांनी वाण्याचा काटा मागून आणला होता आणि ते विमलाबाईंशी बोलत नव्हते. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले तेवढ्यात दारातून पुंजाबाबा आत आला. द्राक्षबागांत कामाला येऊन गेल्यामुळे त्याला नाशिक ठाऊक होतं. त्याच्या गळ्यात मी होतो. त्याच्यामागे अनवाणी नवसाबाई, पाठीला मैना. एवढी माणसं पाहून ती जराही बिचकली नाही, थेट विमलाबाईंच्या बाकापाशी गेली.

"बाई, बघा. पयलं हितं हुती. मंग हितं. आता हितं. पोर खाली खाली चाललीय."

शांतवनराव तरातरा आले. काच मळलेली पाहून सवयीनं त्यांनी रुमाल काढला. "काय ही दशा केली काट्याची!" म्हणत ते वाकले आणि तसेच थांबले. पार्सल ऑफिसातला माणूस, त्याला वाचायला वेळ लागला नाही. "सहा दोनशे," ते पुटपुटले. "सहा. पाच आठशे..." रुमाल हातातच राहिला. मग हा साठीचा माणूस, कोट सावरत, भर भक्तीतून टांगा बोलवायला धावला.

पाळकसाहेबांनी उपदेशाचा कागद मिटला. "आज लिलाव नाही," ते म्हणाले. "दूध, अंडी, पेरू दवाखान्यात पोचवा. आणि पाळीनं कोण कोण डबा नेणार, ते आत्ताच सांगा."

मैनाला क्षयाची सुरुवात होती. सहा आठवडे ती दवाखान्यात होती. दर शनिवारी शांतवनराव मला तिथं घेऊन येत. नर्स म्हणायची, "अहो काका, आमच्याकडे काटा आहे." ते म्हणत, "असू दे, आमचा खात्रीचा आहे." निघायच्या दिवशी मैना सहा किलो नऊशे भरली. "हा काटा पाड्यावर जाऊ दे," असं म्हणून शांतवनरावांनीच मला न्यायला आलेल्या पुंजाबाबाच्या गळ्यात अडकवलं. पुढच्या महिन्यात सुरगाण्याच्या गाडीत विमलाबाईंशेजारी ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बाप्तिस्म्यांचा आकडा त्यांनी पुन्हा विचारला नाही.

दहा वर्षं मी पाड्यावर काढली. मग माझी स्प्रिंग सैल झाली, अंगणवाडीला नवा काटा आला आणि मला इथं परत पाठवलं. आता मला काचेच्या कपाटात ठेवायचं चाललं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण चालत्या आहेत तोवर कपाटात घालू नका. गरज असेल तिथं नेऊन ठेवा, आणि मग त्या दुसऱ्यांच्या हातात द्यायला कचरू नका. मिशन म्हणजे काय, याचं मला तरी एवढंच उत्तर सापडलं आहे.

मला परत घेऊन आली ती मैनाच. अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. गाडीतून उतरून मला खांद्यावर मारून ती भराभर चालत होती आणि मी सवयीनं अंदाज बांधत होतो. माझी तबकडी पंचवीस किलोला संपते. मैना केव्हाच तिच्यापुढे निघून गेली होती.