गाडीला पडदा

सावर्ड्याच्या बाजारात औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या आम्रपालीला दुपारी जेवणाची सुट्टी मिळे. त्या सुट्टीत ती जेवत नसे. मोटारसायकल काढायची, चिरेखाणीच्या रस्त्यानं घर गाठायचं, मनस्वीला पाजायचं आणि पुन्हा काउंटरला येऊन उभं राहायचं. तान्ही मनस्वी बाटली घेत नव्हती. बाटली पुढं केली की असं तोंड फिरवी, जणू कुणी तिचा अपमानच केलाय.

त्या दिवशी खाणीच्या चढावर गाडी धापा टाकू लागली. आम्रपालीनं मूठ पिळली, तशी ती खोकली आणि बंद पडली. छाती दुधानं भरून दुखत होती. ओढणी पुढं ओढून ती किका मारत राहिली.

खाणीवर चिरे भरणारा भागोजी धावत आला. त्यानं गाडीच्या बाजूचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसला.

"वयनी, गाडीला पडदा कशाला लावलात? लाजते काय?"

आम्रपाली वाकली. एअर फिल्टरच्या कव्हरला तळहाताएवढी खिडकी कापली होती आणि तिच्यावर जाळी चिकटवली होती. जाळी धुळीनं तांबडी झाली होती, तरी तिच्यावरची पिवळी बदकं तिनं ओळखली.

मनस्वीची मच्छरदाणी. बारशाला आम्रपालीच्या आईनं आणलेली.

रविवारीच तिला मच्छरदाणीत भोक दिसलं होतं. "उंदरानं कुरतडली असंल गो," म्हणत सासूनं, सीताबाईंनी, सुक्या बोंबलाचा तुकडा लावून पिंजरा मांडला. मनस्वीच्या गालावर डास चावून फोड उठले, तेव्हा जाळी नीट खोचली नाही म्हणून आम्रपालीनं स्वतःलाच दोष दिला. आणि हर्षद, तिचा नवरा, तिथंच भात कालवत म्हणाला होता, "उंदीर झालेत खरे."

भागोजीनं फिल्टर काढून चिऱ्यावर आपटला. धूळ भसाभस पडली. "ही जाळी डास अडवील वयनी, खाणीची माती काय अडवणार?"

गाडी रडतखडत घरी पोचली. रडून रडून थकलेली मनस्वी उपाशीच झोपली होती. झोपेतही तिचा हुंदका थांबला नव्हता. आम्रपालीनं तिला उचललं, जागं करून छातीशी लावलं. पण दोन घोट होतात न होतात तोच परतायची वेळ झाली. ते इवलेसे ओठ सोडवताना तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं नाही.

संध्याकाळी लोट्याहून कंपनीच्या बसनं हर्षद उतरला. जाळीचा तुकडा त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला होता.

"पिंजऱ्यात सापडला उंदीर," आम्रपाली म्हणाली.

त्यानं तो तुकडा कपामागं सरकवला. मग हळूच म्हणाला, "अगं, गाडीला हवा जास्त मिळते. बाहेर यालाच लोक केवढे पैसे मोजतात. मी एक पै न घालवता केलं."

"तुमची पै गेली नाही. पोरीची जाळी गेली, तिचं दूध गेलं. गाडीला हवा पाहिजे म्हणून माझ्या लेकीनं डास चावून घ्यायचे? आणि गाडी चालवते कोण? मी. मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणून उंदरावर ढकललंत. आईंना बोंबील लावायला लावलात."

सीताबाई चुलीपाशी पुटपुटल्या, "चांगला बोंबील फुकट घालवला मेल्यानं."

हर्षदनं गोडेतेलाचा रिकामा कॅन कापला, तुकडा त्या खिडकीवर बसवला, कडेनं चिकटपट्टी फिरवली. फिल्टर पुन्हा झटकून बसवला आणि किक मारली. आवाज पहिल्यासारखा आला, साधा, गरीब.

"झालं," तो म्हणाला.

"गाडीचं झालं."

मनस्वी जाळीखाली पाय उडवत होती. आम्रपालीनं त्याला शेजारी बसवलं, त्याचा हात धरून जाळीच्या भोकावर ठेवला.

"मी नवी जाळी शिवीपर्यंत इथं बसायचं. एक डास आत गेला, तर उद्या मी बसनं जाईन आणि तुम्ही पाजा तिला."

दोन डास त्याच्या मनगटावर बसले. त्यानं हात आखडता घेतला.

"हात," आम्रपाली सुई ओवताना वर न बघता म्हणाली.

हात परत जागेवर गेला. आतून मनस्वीनं त्याचं बोट पकडलं आणि तोंडात घातलं.