ढेकळं फोडायची नसतात

माझी बायको रोसविथा गेल्याचं मला एल्फ्रीडेने गवत कापायच्या यंत्राची वायर उपटून सांगितलं. सप्टेंबरची नऊ तारीख होती. मी बागेत गवत कापत होतो. फोन लाकडी खोलीत खुंटीवरच्या कोटात होता. दवाखान्याने तीनदा फोन केला, मग आमच्या मुलीला, आंत्येला केला, आणि तिने रोस्टॉकहून शेजारच्या बागेतल्या एल्फ्रीडेला. ऐंशीच्या घरातली बाई कुंपणावरून मला हाका मारत राहिली. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना. शेवटी ती फाटकातून आत आली आणि तिने वायर ओढली. यंत्र बंद पडलं तेव्हा मी वैतागून वळलो. तिच्या हातात वायर होती.

लाइपझिगच्या रेल्वेरुळांपलीकडे आमच्या बागमंडळाच्या, करारावर भाड्याने दिलेल्या नव्वद छोट्या बागा आहेत. आमची बाग रोसविथाच्या नावावर होती. भाजी, फुलं, झाडं सगळं तिचं. मी एकतीस वर्षं ट्राम चालवली. बागेत माझ्याकडे गवत कापणं आणि कॉफीचा थर्मास उचलणं, एवढंच.

अंत्यविधीनंतर आंत्ये परत गेली. मला घरात बसवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचो, गॅलरीतून परत. पाणी उकळायला ठेवायचो आणि विसरायचो. रोज सकाळी सातच्या ट्रामने बागेत जायला लागलो. तिथे निदान हात चालत होते.

बियांच्या पत्र्याच्या डब्यात मला मंडळाचं पत्र सापडलं. एप्रिलचं होतं. नियमाप्रमाणे बागेचा एक तृतीयांश भाग भाजी आणि फळांचा हवा, तुमच्याकडे बहुतेक सगळी हिरवळच दिसते. नोव्हेंबरअखेर पाहणी होईल, तोवर सुधारणा न झाल्यास बाग दुसऱ्याला देण्यात येईल.

ती हिरवळ मीच पेरली होती. दोन वर्षांपूर्वी रोसविथाला वाकता येईनासं झालं. रिकामे वाफे बघून ती अस्वस्थ व्हायची, म्हणून मी सगळीकडे गवत पेरून तिची खुर्ची मधोमध ठेवली. ती बघून हसली होती, नियमाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पत्र खिशात घालून मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. टिट्झे हा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पदामुळे मी त्याला साहेब म्हणतो. तो म्हणाला की बायकोचा करार नवऱ्याच्या नावावर होऊ शकतो, पण पाहणीत बाग बसली पाहिजे. वाट बघणाऱ्यांची यादी मोठी आहे. पंचाहत्तर दिवस तुझ्या हातात आहेत.

मी दुसऱ्याच दिवशी खणायला घेतलं. एल्फ्रीडेने कुंपणावर कोपर टेकून मला शिकवलं. गवताचा थर उलटा घालायचा, मुळं वर. ढेकळं मोठीच ठेवायची. आत पाणी असतं, ते थंडीत गोठतं आणि ढेकूळ आपसूक फुटतं. मार्चमध्ये नुसता दाताळा फिरवला की भुसभुशीत माती तयार. हिवाळ्याने करायचं काम माणसाने करायचं नसतं.

मला ते कळलं होतं. पण सकाळी आलो की ती उघडी ढेकळं दिसायची आणि मला राहवायचं नाही. एक फोडायचो, मग शेजारचं. दुपारपर्यंत सगळा वाफा बारीक करून दाताळ्याने सपाट करायचो. मग उरलेल्या हिरवळीतलं शेवाळ खरवडायचो. अक्रोडाची पानं गोळा करायचो. वाऱ्याने पुन्हा पडली की पुन्हा गोळा करायचो.

"शेवया करणार आहेस का मातीच्या?" एल्फ्रीडे म्हणाली. "आणि ते गवत सोड आता. टक्कल पाडलंस त्याला."

मी दाताळा थांबवला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर पाऊस लागला. मी बारीक केलेली माती थापल्यासारखी घट्ट बसली. वर पाणी साचलं. जिथे ढेकळं फोडायची राहिली होती, तिथे पाणी जिरून गेलं होतं. मी ते बघितलं आणि फावडं खोलीच्या भिंतीवर फेकलं. एल्फ्रीडे कांद्याचा पाव घेऊन आली तेव्हा मी तिच्यावरच ओरडलो. म्हटलं, रोसविथाला पत्र आलं होतं, पाच महिने तिने ते डब्यात ठेवलं. सांगायला काय झालं होतं?

एल्फ्रीडेने पावाचं ताट बाकावर ठेवलं.

"मला सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "मी म्हटलं, सांग त्याला. तर म्हणाली, त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पेरलं, ते उगवलं. आता त्यालाच खणायला कशी सांगू."

मी पाव खाल्ला. ती बसून राहिली.

त्यानंतर मी सरळ काम करायला हवं होतं. थोडं केलंही. पण हात परत परत जुन्याच वाफ्यांकडे वळायचे. दिवस लहान झाले, चारला अंधारायला लागलं.

तीस नोव्हेंबरला टिट्झे टेप घेऊन आला. लांबी मोजली, रुंदी मोजली, वहीत लिहिलं, परत मोजली.

"कमी पडतंय, सीगमार," तो म्हणाला. "मागचं कुंपणाजवळचं सगळंच राहिलंय. एवढे दिवस तर तू रोज इथे होतास."

"रोज होतो, साहेब. खणलेलंच खणत बसलो."

त्याने बुटाच्या टोकाने ती घट्ट बसलेली माती दाबून पाहिली. मग म्हणाला की मंडळाला सांगून तो मुदत वाढवून घेईल, पण पंधरा मार्चच्या पुढे त्याच्याही हातात काही नाही. तोवर बाग काढून घेत नाही, आणि तुझ्या नावावरही करत नाही. जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "ते मोठ्या ढेकळांचं बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस."

त्याच आठवड्यात जमीन गोठली. फावडं मारलं तर दगडावर मारल्यासारखं वाजतं. मी आता एक दिवसाआड जातो, खोलीत स्टोव्ह लावून बसतो आणि खिडकीतून त्या मोठ्या ढेकळांकडे बघतो.

जमीन मोकळी झाली की कुंपणालगतचा चौदा पावलांचा पट्टा खणायचा आहे. पावसाने बसलेले दोन वाफे पुन्हा उलटायचे आहेत. करार माझ्या नावावर व्हायचा आहे.