आईच्या आवाजातलं ते एक वाक्य

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, जवळ या, नीट ऐका! मी जे ऐकलंय ना, ते आठवलं की अजून माझी चाकं थरथरतात.

मला बनवलं कुठल्याशा कारखान्यात, पण डोळे उघडले ते दिल्लीतल्या करोल बागच्या दुकानात. तिथून दीनानाथ मला घरी घेऊन आले. आरत्या, गाणी, त्यांच्या लेकीचे, छोट्या कृतिकेचे, बोबडे बोल, सगळं मी साठवलं. पाहुणे म्हणायचे, "क्या आवाज है यार!" आणि मी नुसता फुगायचो.

पुढे काही वर्षांनी दुपारचं एक नवंच काम सुरू झालं. कृतिकेची आई हेमलता (मीपण तिला आईच म्हणतो) माझ्यावर इंग्रजी डिक्टेशनची कॅसेट लावायची आणि सेकंडहँड टाइपरायटरवर टकटक करायची. रिवाइंड, टकटक, परत रिवाइंड. दोन वर्षं! शिकवायला कोण्णी नाही.

अठ्ठ्याण्णव साली गुडगावच्या एका नव्या ऑफिसातून तिला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आख्खी काचेची इमारत, म्हणे! पहिली नोकरी, तीही चाळिशीत. आदल्या संध्याकाळी ती उत्तरं रेकॉर्ड करत बसली. "माय हसबंड टॉट मी टायपिंग."

दीनानाथांना चहाचा ठसकाच लागला. "मी शिकवलं? अगं, मला रिबन घालता येत नाही!"

"असू दे हो. आपलंच कौतुक आपण सांगायचं, बरं दिसतं का?"

दहावीतली कृतिका उसळली, "आई, बाबांनी शिकवलं असतं तर ठीक. पण तुझी तूच शिकलीस ना? मग 'आय टॉट मायसेल्फ' म्हण!"

"गर्विष्ठ वाटेल गं. हातची नोकरी जायची."

"बिल्कुल नाही. खरं आहे ते," दीनानाथ म्हणाले आणि त्यांनीच माझं लाल बटण दाबलं.

आई माझ्याजवळ सरकली. मग अगदी हळू आवाज आला, "आय टॉट मायसेल्फ टायपिंग."

मी ते तिला ऐकवलं. बाप रे, मित्रांनो! ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू आत कुणी दुसरीच बाई बसलीय. मोठी, धीट बाई. तिने ते सात वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती चपलांसकट आत आली. "अहो, टायपिंग कुणी शिकवलं ते त्यांनी विचारलंच! मी तेच सांगितलं. सोमवारपासून या म्हणाले!"

दीनानाथांनी लगेच त्या कॅसेटच्या वरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही.

आता मी माळ्यावर असतो, पट्टा सैल झालाय. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण जुनी कॅसेट फेकायच्या आधी एकदा ऐका हं. कदाचित तिच्यात तुमची आई पहिल्यांदाच स्वतःबद्दल खरं बोलत असेल.